फळ्याच्या कोपऱ्यातली चौकट

या गोष्टीचा पहिला भाग मी इतक्या ठिकाणी सांगितला आहे की तो मला पाठ झाला आहे. शिक्षकांच्या शिबिरात सांगितला, स्नेहसंमेलनात सांगितला, एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्याला सांगितला. टाळ्या पडतात ती जागा मला ठाऊक आहे. तिथं आलो की मी थांबतो, घोटभर पाणी पितो आणि खाली बसतो. संपादकांनी 'तुमच्या त्या वर्गसभेवर लिहा' असं कळवलं तेव्हाही लेखणी तिथंच थांबायला निघाली होती. यंदा थांबवत नाही.

गाव रोहण्याच्या पुढं, कच्च्या रस्त्यानं आत. नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. वर्ध्याच्या नॉर्मल स्कूलमधून शिकवण्याचं शिक्षण घेऊन मी तिथल्या मिडल स्कूलवर रुजू झालो तेव्हा मिसरूड नुकतं जाड झालं होतं. सातवीला मराठी, आणि त्याबरोबर इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र. पहिल्या तासाला पोरं टकळीवर सूत कातायची, आणि पेळूचा कापूस केसांत तसाच ठेवून माझ्या तासाला येऊन बसायची. समोर पाहिलं की वाटे, एक वर्ग भरून म्हातारे बसले आहेत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मास्तरचं काम सोपं. पुस्तक उघडायचं, वाचायचं, घंटा झाली की मिटायचं. तसं करून पाहा एकदा. बारा-तेरा वर्षांचं पोर कानानं ऐकतच नाही, ते हातापायांनी ऐकतं. त्याला काहीतरी करायला दिलं तर तुमचं सांगणं आत शिरतं, नाही तर बाहेरच्या बाहेर जातं. हे मला नॉर्मल स्कूलमध्ये सांगितलं होतं, मी ते लिहूनही घेतलं होतं. पण पटलं कधी? भूगोलात 'नकाशा' हा धडा आला तेव्हा.

मी पोरांना म्हटलं, "पुस्तकातला नकाशा राहू द्या. आपण आपल्या गावाचा काढू." शाळेचं अंगण सारवून घेतलं. घरोघरच्या चुलीची राख, विटेचा चुरा, भिंतीचा पडलेला चुना, असे रंग जमले. पोरं सुतळी घेऊन गावभर फिरली. पावलं मोजत, भांडत, कुत्र्यांच्या मागं पळत. जे स्वतःच्या पायांनी पाहिलं तेच नकाशात टाकायचं, हा नियम.

बबननं पहिल्याच दिवशी घोटाळा केला. बबन म्हणजे आबासाहेबांचा मुलगा. आबासाहेब गावचे जुने मालगुजार, म्हणजे जमीनदार, आणि शाळेच्या समितीचे अध्यक्ष. मालगुजारी सरकारनं काढली होती, पण गावानं काढली नव्हती. बबननं नकाशात आपलं घर शाळेच्या दुप्पट काढून ठेवलं.

मागून शेवंता म्हणाली, "तुह्या घराले एवढी जागा काऊन रे?"

"मोठंच आहे ते."

"मोठं आहे तं मोज. सुतळी घे, चाल."

दोघं सुतळी घेऊन गेले. परत आले तेव्हा बबननं राखेची रेघ आत ओढली, आणि शेवंतानं सुतळीचं दुसरं टोक धरलं. मला त्या दिवशी जेवणाचीही आठवण राहिली नाही एवढा आनंद झाला होता. वाटलं, सापडलं! शिकवणं म्हणतात ते हेच!

ही शेवंता नाल्यापलीकडच्या वस्तीतली. आदल्या वर्षी वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. तिचे वडील पुलगावच्या गिरणीत होते आणि सुट्टीला आले की पोरीसाठी पाटी-पेन्सिल आणायचे. वर्गात मुली मोजक्याच. ती भिंतीशी बसायची आणि बोलायची मात्र मधोमध बसल्यासारखी.

नकाशा पुरा झाला तेव्हा त्यात विहिरी दोन निघाल्या. एक गावातली, एक नाल्यापलीकडची. दोन का, हे मी विचारलं नाही. पोरांनाही विचारावंसं वाटलं नाही. नकाशा फार सुंदर झाला होता.

मग मराठीच्या तासाला भिंतीवरचं वर्तमानपत्र सुरू केलं. जुन्या कागदांच्या पाठीवर बातम्या लिहायच्या आणि खळीनं भिंतीला चिकटवायच्या. मी शिकवलं, बातमीत काय, कुठं, केव्हा, कसं आणि कोणी, या सगळ्यांची उत्तरं आली पाहिजेत. एकही सुटता कामा नये. दुसऱ्या दिवशी भिंतीवर बातमी लागली, 'आबासाहेबांच्या संत्र्याच्या वाडीत काल दुपारी चोरी झाली. कुंपणाखालून जाऊन संत्री काढली. चोर दोन होते, मी आणि रामा.' खाली ठळक अक्षरात लेखकाचं नाव.

मी विचारलं, "अरे, हे काय लिहिलंस?"

"तुमीच म्हनलं, गुरुजी, 'कोणी' सुटलं नाई पाह्यजे."

रामा आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही. आबासाहेब मात्र ते वाचून पोट धरून हसले. माणूस तसा वाईट नव्हता, हे इथंच सांगून ठेवतो. मला राहायला खोली त्यांच्याच ओसरीला लागून होती आणि दोन्ही वेळचं ताट त्यांच्याच स्वयंपाकघरातून यायचं. परगावच्या, बिनलग्नाच्या मास्तरला त्या गावात दुसरीकडं जेवायची सोयच नव्हती. हे ताट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी देशात निवडणूक झाली होती. आमच्याच शाळेत मतदान झालं. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह, असा तेव्हाचा प्रकार. पोरांनी खिडकीला नाकं लावून सगळं पाहिलं होतं. पुढं दिवाळीनंतर नागरिकशास्त्राचा 'आपले सरकार' हा धडा आला, तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "आपण आपलं सरकार करू."

काय सांगू, वर्गाचं छप्पर उडालं!

पेटीऐवजी मातीची गाडगी. मत म्हणजे चिंचोका. प्रत्येकाला एक, आणि तो एका बाजूनं मी दगडावर घासून पांढरा केलेला, म्हणजे घरून खिसे भरून आणलेले चिंचोके चालायचे नाहीत. बबनच्या गाडग्यावर भोवरा, शेवंताच्या गाडग्यावर कंदील. प्रचार आठवडाभर. भाषणं करायची ती उभं राहून, आणि भाषणात एक म्हण, एक आकडा आणि एक वचन आलंच पाहिजे, हा माझा मराठीचा गृहपाठ.

बबन म्हणाला, "मले निवडून द्या. रोज एक तास खेळाचा करतो. माह्या बाबानं मनावर घेतलं तं दोन."

शेवंता म्हणाली, "खेळाचा तास बबनचा बाबा देईन. मग बबनले काऊन निवडता? त्याच्या बाबालेच निवडा ना!"

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातून हेडमास्तर उठून आले. आले आणि दारात उभे राहून त्यांनीही उरलेलं भाषण ऐकलं.

मतदानाच्या दिवशी एक पोरगं रडत आलं. "गुरुजी, माह्यं मत गेलं."

"कुठं गेलं?"

"काल आईनं चिंचोके भाजले होते, त्यातच गेलं. खाल्लं मी."

यावर नियम काय, हे नॉर्मल स्कूलमध्ये शिकवलं नव्हतं. मी ते वर्गावरच सोपवलं. तावातावानं चर्चा झाली आणि ठरलं की पोटात गेलेलं मत बाहेर मोजता येत नाही, तेव्हा यंदा याचं मत नाही. ते पोरगंही 'बरोबर आहे' म्हणून डोळे पुसून बसलं. गाडगी फोडली, चिंचोके दोन रांगांत मांडले, आणि कंदिलाची रांग थोडी पुढं गेली. शेवंता मुख्यमंत्री झाली. बबन विरोधी पक्षनेता. त्यानं हे पद कळल्यावर पहिला प्रश्न विचारला, "मले रोज विरोध करता येईन का?"

"रोज."

"मग चांगलं आहे."

आता दोन नियम नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे. वर्गसभेत रोज प्रश्नोत्तरं व्हायची. कोणीही कोणालाही प्रश्न विचारावा, मंत्र्यालाही, मलाही. उत्तर मिळालं नाही तर प्रश्न फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूची चौकट आखून तिच्यात लिहायचा. तो उत्तर येईपर्यंत राहणार. मराठीचा तास असो, गणिताचा असो, चौकट पुसायची नाही. आणि दुसरा नियम, पुसायचा तो ज्यानं विचारला त्यानंच, समाधान झाल्यावर. माझ्या साऱ्या उपक्रमांत मला या चौकटीचा अभिमान फार. पोरं एरवी प्रश्न विचारायला लाजतात. पण आपलं अक्षर दिवसभर फळ्यावर राहणार म्हटल्यावर लाज पळून जाते.

खातेवाटप शेवंतानं उभं राहून वाचलं. सफाई अमक्याला, बाग तमक्याला, वर्तमानपत्र रामाला. शेवटी म्हणाली, "पाणीखातं मी माह्यापाशी ठेवतो." आमच्याकडं मुलीही 'ठेवतो, जातो' असंच म्हणतात.

पाणीखातं म्हणजे वर्गाच्या दाराशी ठेवलेला माठ. सखाराम शिपाई सकाळी भरून ठेवायचा. मधल्या सुट्टीत माठातून पाणी काढून सगळ्यांना द्यायचं, हे मंत्र्याचं काम. तोवर नाल्यापलीकडची पोरं माठापासून लांब बसायची, ओंजळ करायची आणि दुसरं कोणी वरून ओतायचं. कायद्यानं हे बंद झालं होतं. नागरिकशास्त्रात मी तेही शिकवलं होतं, परीक्षेत प्रश्न टाकला होता, आणि शेवंतानंच त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर लिहिलं होतं.

पोरं एकमेकांकडं पाहू लागली. मग टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

संध्याकाळी आबासाहेब माझ्या ताटाशी येऊन बसले. असे ते अधूनमधून बसायचे. "गुरुजी, तुमचा खेळ लय रंगून राह्यला म्हणते. बबन्या घरी बी विरोधच करून राह्यला." हसले. मग भाकरीकडं बोट करून म्हणाले, "घ्या अजून. लाजू नका. फक्त पाण्याचं तेवढं पाहून घेजा. लोकं बोलतात."

एवढंच. आवाज चढला नाही, धमकी नाही. मी दुसरी भाकरी घेतली.

सकाळी वर्गात गेलो आणि जाहीर केलं, "पाण्याचं काम आजपासून सखाराम करील. मंत्र्यांना अभ्यास असतो. पाणीखातं बंद."

वर्गाला एवढं शिकवलं होतं ना मी! प्रश्नोत्तराची वेळ झाली आणि शेवंता उठली.

"गुरुजी, पाणीखातं काऊन बंद केलं?"

"सांगितलं ना. सखाराम आहे."

"सखाराम काल बी होता."

मी म्हटलं, "हे प्रशासनाचं असतं. तुला कळणार नाही."

ती फळ्याजवळ गेली. पट्टीनं चौकट आखली आणि आत लिहिलं, 'पाणीखातं का बंद केलं?' लिहिताना 'काऊन' नाही लिहिलं, 'का' लिहिलं. लेखी भाषेत कसं लिहायचं, हे मीच शिकवलं होतं.

तो प्रश्न तिथं राहिला. मी कविता शिकवत होतो तर तो तिथं. गणिताचे मास्तर आले, फळा पुसला आणि चौकटीभोवतीनं पुसला. हेडमास्तरांनी एकदा पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "हे काय आहे?" मी म्हटलं, "उपक्रम." ते गेले. सखाराम पाणी द्यायचा, आणि नाल्यापलीकडच्या पोरांच्या ओंजळीत पूर्वीसारखंच वरून ओतायचा.

आणि मग एका सकाळी विरोधी पक्षनेते उठले.

"सभापती महाराज," बबन म्हणाला. सभापती त्या दिवशी रामा होता आणि त्याला 'महाराज' फार आवडायचं. "मले बोलाचं आहे."

"बोल."

"मी निवडणूक हरलो. हो का नाई?"

"हो!" वर्ग.

"कोणाच्यानं हरलो? शेवंताच्यानं. मुख्यमंत्र्याच्यानं. आता तिचं खातं काढून घेतलं, तं ती राह्यली अर्धी मुख्यमंत्री. म्हंजे मी अर्ध्या माणसाच्यानं हरलो काय? मले हे मंजूर नाई! हरलो तं पुऱ्या माणसाच्यानंच हरीन!"

तुम्हाला हसू येईल. आम्हालाही आलं. पण मी आजवर ऐकलेल्या भाषणांत त्या भाषणाच्या जवळ जाणारं दुसरं नाही. पोरं बाकं बडवायला लागली. बाकं नव्हती, सतरंज्या होत्या. तेव्हा जमीन बडवायला लागली. धूळ उडाली. कोणी म्हणे मतदान घ्या, कोणी म्हणे गुरुजींनाच मत नाही, कोणी म्हणे चिंचोके आणा. रामा उभा राहून ओरडत होता, "शांत! शांत! महाराज बोलून राह्यले!" आणि मी? माझ्या अंगावर काटा आला होता. भीती होतीच. पण खरं सांगतो, आनंद तिच्याहून मोठा होता. ज्या गोष्टीसाठी हा धंदा धरला, ती माझ्या डोळ्यांसमोर, धुळीत, आरडाओरडा करत घडत होती, आणि ती माझ्याविरुद्ध घडत होती!

हात वर करून मतदान झालं. पाणीखातं परत. जवळजवळ सगळ्यांचे हात वर.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. शेवंता माठाजवळ गेली. झाकण काढलं. तोवरचा गोंगाट बसला. बबन पुढं झाला आणि मोठ्यानं म्हणाला, "मले तहान लागली." तिनं गडू भरला. त्यानं तो हातात घेतला, तोंड लावून रिकामा केला, आणि उलटा करून दाखवला. मग रामा. मग ते मत खाल्लेलं पोरगं. रांग लागली. काही पोरं नाही आली, सरकून बाहेर गेली, पण थोडी. नाल्यापलीकडची पोरं त्या दिवशी रांगेत उभी राहून, गडू हातात धरून प्याली.

इथं टाळ्या पडतात. इथं मी थांबतो.

त्यापुढं असं झालं. आरडाओरडा ऐकून हेडमास्तर आले होते, आणि समितीच्या कामासाठी शाळेत आलेले आबासाहेबही त्यांच्यामागं दारात उभे होते. बबनला पिताना त्यांनी पाहिलं. रांग संपली. शेवंतानं गडू विसळला, पुन्हा भरला, आणि सगळ्या वर्गासमोर माझ्याकडं आली. दोन्ही हातांनी पुढं केला.

"गुरुजी, पाणी."

मी सकाळपासून बोलत होतो. धूळ खाल्ली होती. घसा कोरडा पडला होता. मी दाराकडं पाहिलं. आबासाहेब माझ्याकडंच पाहत होते, रागानं नाही, नुसते.

मी म्हणालो, "मला तहान नाही."

तिनं गडू मागं घेतला. मग "बरं" म्हणाली आणि गडूतलं पाणी ओतून तो माठावर पालथा ठेवला.

सुट्टी संपून मी वर्गात आलो तेव्हा कोपऱ्यातली जुनी चौकट पुसलेली होती. तिचीच होती, तिनंच पुसली होती. त्या जागी नवी आखली होती. आत लिहिलं होतं, 'गुरुजींना तहान केव्हा लागते?'

कोणी हसलं नाही. मी त्या तासाला काय शिकवलं, आठवत नाही. शाळा सुटली, पोरं गेली, आणि मी एकटा वर्गात राहिलो. कपडा घेतला आणि ती चौकट पुसली. माझा नियम मीच मोडला. सकाळी ती आली, फळ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि जागेवर बसली. पाणीखातं तिनं वर्ष संपेपर्यंत सांभाळलं, मंत्रिमंडळ चोख चालवलं. पण प्रश्नोत्तराच्या वेळी तिचा हात पुन्हा कधी वर आला नाही. एवढं बोलणारी पोर! मी वाट पाहायचो. रोज वाटायचं, आज विचारील. मी तिला बोलावून एक वाक्य म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं.

बबनचं सांगायचं राहिलं. त्याला घरी मार बसला आणि अंगावर गोमूत्र शिंपडलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा रांगेत पहिला. मी हळूच म्हटलं, "अरे, घरी बोलतील ना?" तर म्हणतो, "गोमूत्र शिंपडलं का एका बारीत शुद्ध होते, म्हणते आजी. मग रोज प्यावं अन् रोज शुद्ध व्हावं. काय बिघडलं?" बाप त्याचा होता, मार त्याला होता. माझं काय जाणार होतं? एक ताट.

ताट शाबूत राहिलं. वर्षअखेरीला तपासणीचे साहेब आले, त्यांनी वर्गसभा पाहिली आणि शेऱ्यात माझं कौतुक लिहिलं. त्या शेऱ्यावर मी नाचणगावला चांगल्या शाळेवर गेलो, तिथून पुढं शिक्षकांना शिकवायला लागलो, आणि शेवटी स्वतःच तपासणीचा साहेब झालो. चौकटीचा उपक्रम मी जिल्हाभर पोचवला. शिबिरात तरुण मास्तर मला घेरून विचारतात, "सर, ही कल्पना सुचली कशी?" त्यांना मी ती सांगतो. गडू सांगत नाही.

या वर्षी तपासणीसाठी बोरगाव मेघेच्या बाजूला एका शाळेत गेलो. सातवीच्या वर्गात बाई शिकवत होत्या. केस थोडे पिकलेले, चष्मा. मी ओळखलं त्याआधी तिनं ओळखलं. "या, गुरुजी," म्हणाली आणि खुर्ची पुढं केली. तिच्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट होती. रिकामी.

एका मुलीनं माझ्यासाठी पेल्यातून पाणी आणून टेबलावर ठेवलं. साहेब आले की ठेवतात तसं. मी पेल्याकडं न पाहता चौकटीकडं बोट केलं. "हे काय आहे, बाळ?"

ती मुलगी तयारच होती. घडाघडा बोलली, "ज्याचं उत्तर नाई आलं तो प्रश्न तिथं राह्यते. ज्यानं विचारला त्यानंच पुसाचा. अन् कोणी चोरून पुसला, तं प्रश्न मरत नाई. कोणी बी पुन्हा लिहू शकते."

शेवटचा नियम माझा नव्हता.

मी शेवंताकडं पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती. मी उठलो, तिच्या टेबलावरचा खडू घेतला आणि चौकटीत लिहिलं, 'गुरुजींना तहान केव्हा लागते?' अक्षर वाकडं आलं.

पोरं कुजबुजली. पुढचा एक जण म्हणाला, "हा प्रश्न कोणं विचारला, साहेब?"

"तुमच्या बाईंनी. तुमच्याएवढ्या होत्या तेव्हा."

"मग पुसला कोणं?"

"मी. चोरून."

वर्ग एकदम ताठ बसला. साहेबानं चोरी कबूल केलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. मी म्हटलं, "उत्तर देतो. त्या दिवशी मला तहान लागली होती. फार लागली होती. मी खोटं बोललो, कारण मी भ्यालो."

वाटलं, संपलं. पण पाणी देणाऱ्या त्या मुलीनं हात वर केला. तिला चांगलं शिकवलं होतं. एका उत्तरावर समाधान मानायचं नाही.

"भ्याले कोणाले?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. जे तोंडात आलं ते बोललो. "एका जेवणाच्या ताटाला."

पोरं खो-खो हसली. साहेब ताटाला भ्याला! मीही हसलो, आणि हसता हसता पेला उचलून पाणी प्यालो, सगळं. शेवंता हसली नाही. ती फळ्याजवळ आली, डस्टर उचललं. मी पाहत राहिलो. तिनं चौकटीच्या आत काय लिहिलं आहे ते एकदा वाचलं, मनातल्या मनात, मास्तरणी शुद्धलेखन तपासतात तसं. मग डस्टर टेबलावर ठेवलं.

"आजच्या दिवस राहू द्या, गुरुजी," ती म्हणाली. "पोरांनी वाचू द्या." आणि वर्गाकडं वळली. "चला, भूगोल काढा."

मी शेरा लिहिला, सही केली आणि निघालो. तिनं ती चौकट दुसऱ्या दिवशी पुसली की अजून आहे, मला ठाऊक नाही. विचारलं नाही. पुसायची ती तिनंच.